उपचार परळमध्ये, मूल पाड्यावर



परळच्या भोईवाड्यात बसून आदिवासी मुलांचे काम कसे चालते, असे आपल्यापैकी पुष्कळांनी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. मोखाड्याहून पहाटेची एस.टी. नाहीतर जीप धरून कसारा गाठायचे, तिथून लोकलने दादर, मग पुढे परळ. म्हणजे येण्यातच दिवस जातो. डहाणू-तलासरीकडच्या लोकांना २०१३ पासून डहाणू रोडहून लोकल मिळते, तेवढी सोय झाली. पण के.ई.एम., लहान मुलांचे वाडिया आणि टाटा ही तिन्ही रुग्णालये भोईवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तालुक्याच्या दवाखान्यातून चिठ्ठी मिळाली की माणसे शेवटी इथेच पोचतात. (मुंबईत भोईवाडे दोन आहेत. भुलेश्वरच्या भोईवाड्यात जाऊन 'टाटा कुठे?' असे विचारत फिरलेली कुटुंबे आम्हाला भेटली आहेत. कुणाला इकडे पाठवाल तर चिठ्ठीवर 'परळ' हा शब्द ठळक लिहा.)

मी विशेष शिक्षिका आहे. बहुतेक कुटुंबे कर्करोगासाठी, हृदयाच्या दोषासाठी येतात. त्यांच्यासोबत आता आणखी एका प्रकारचे मूल येऊ लागले आहे. दिसायला धडधाकट, धावते, चढते, पण हाक मारली तर वळत नाही, बोलत नाही, एकच वस्तू तासन् तास फिरवत बसते. आई सांगते, 'याला काही लागलंय.' तपासणी होते, कागदावर 'ऑटिझम' असे लिहिले जाते आणि खाली सल्ला असतो: आठवड्यातून दोन-तीन वेळा थेरपी.

हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या चूक नाही. परळमध्ये राहणाऱ्या आईला तो पाळता येईल. मोखाड्याच्या आईला तो पाळायचा तर तिने रोजगार सोडून मुंबईच्या फुटपाथवर संसार मांडायला हवा. म्हणून थेरपी म्हणजे नक्की काय, तिचा किती भाग भिंतीआडच्या खोलीतच होऊ शकतो आणि किती भाग चुलीपाशी, विहिरीवर, अंगणवाडीत होऊ शकतो, हे समजून घेणे आमच्या कामाचा गाभा झाले आहे. माझे मत आता पक्के आहे: मोठा भाग घरीच होतो. खोलीत शिकलेले मूल घरी विसरते. घरी शिकलेले मूल ते रोज वापरते.

आधी ऑटिझमविषयी थोडे. मराठीत याला 'स्वमग्नता' म्हणतात. हा शब्द मला पूर्ण पटत नाही, कारण त्यातून असे वाटते की मूल स्वतःतच रमले आहे आणि त्याला बाकी कुणाची गरज नाही. खरे तर बाहेरच्या जगाचा आवाज, उजेड, स्पर्श, माणसांचे चेहरे त्याच्या मेंदूत वेगळ्या रीतीने पोचतात. जन्मापासूनच मेंदूची वाढ वेगळ्या पद्धतीने झालेली असते. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन करून या स्थितीला नाव दिले. त्यानंतर कितीतरी वर्षे आईच्या थंड वागणुकीमुळे असे होते, असा समज डॉक्टरांतही होता. तो खोटा ठरला. लसीमुळे होते हा दावा १९९८ साली इंग्लंडमधून पसरला. ज्या नियतकालिकात तो छापला त्यानेच २०१० साली तो लेख मागे घेतला. पाड्यावर हे सांगणे महत्त्वाचे आहे, कारण एका मुलाला ऑटिझम आहे म्हणून धाकट्याला गोवराची लस द्यायला नकार देणारी आई आपण गमावू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ साली जगात साधारण दर १२७ माणसांत एकाला ऑटिझम होता. म्हणजे तो शहरातल्या शिकलेल्या घरांचा आजार आहे ही समजूतही सोडायला हवी. पाड्यावर तो असतो. फक्त त्याला 'मुका', 'येडा' किंवा 'झपाटलेला' असे नाव पडलेले असते.

'मुका' या शब्दावरून एक सूचना. जे मूल हाकेला वळत नाही त्याची पहिली तपासणी कानांची. ऐकू येत नसल्यानेही मूल तसेच वागते, आणि दोन्हींवर करायचे ते वेगवेगळे आहे. के.ई.एम.सारख्या मोठ्या रुग्णालयात किंवा वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत मेंदूपर्यंत आवाज पोचतो की नाही हे झोपलेल्या मुलावरही तपासता येते. ही पायरी गाळून कुणाच्याही सांगण्यावरून थेट थेरपी सुरू करू नका.

पाड्यावरचे पहिले उपचारक भगत असतात. कोंबडे, नारळ, अंगारा यांत कुटुंबाचे बरेच पैसे गेलेले असतात. त्यांना हसणे सोपे आहे. पण आपल्या मंडळीतही एखाद्या आईला 'तुझ्या घराण्यात काही पाप झालं असेल' असे सांगणारे भेटतात, आणि दर रविवारी त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दुरात्मा घालवण्याचा प्रयत्न करणारेही. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी प्रभूला विचारलेला प्रश्न आपल्याला ठाऊक आहे आणि प्रभूने दिलेले उत्तरही. प्रार्थना जरूर करा. फक्त ती करताना मुलाला घट्ट धरून ठेवू नका. अनोळखी हाताचा स्पर्श अशा काही मुलांना चटका बसल्यासारखा वाटतो.

आता वर्तन-उपचाराकडे येते. नाव जड आहे, कल्पना साधी. मूल जे काही वारंवार करते त्यातून त्याला काहीतरी मिळत असते. हवी ती वस्तू मिळते, कुणाचे लक्ष मिळते, नको ते काम टळते, किंवा त्या कृतीतच त्याच्या शरीराला बरे वाटते. जे मूल बोलत नाही त्याची कृती हेच त्याचे बोलणे. म्हणून कृती थांबवण्याआधी ती काय मागते आहे हे ओळखायचे. त्यासाठी तीन गोष्टी पाहायच्या: आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर त्याला काय मिळाले.

एका वारली मुलाचे उदाहरण सांगते. गाव-नाव देत नाही. साडेसहा वर्षांचा मुलगा. आमची कार्यकर्ती पहिल्यांदा घरी गेली तेव्हा त्याच्या कमरेला लुगड्याची मऊ चिंधी गुंडाळलेली होती, चिंधीवरून दोरी, आणि दोरीचे टोक घराच्या मेढीला. असे चित्र पाहिले की आपल्याला राग येतो. पण आईचे म्हणणे ऐका. शेतावर गेल्याशिवाय चूल पेटत नाही. विहीर दोनशे पावलांवर, तिला कठडा नाही. पोरगा सुटला की थेट विहिरीकडे. दोनदा काठावरून ओढून आणलेला. चिंधी तिने स्वतःच्या लुगड्याची फाडून लावली होती, दोर कमरेला काचू नये म्हणून. ऑटिझम असलेल्या मुलांचे घरातून निसटणे आणि पाण्यात बुडणे हा जगभर ओळखला गेलेला धोका आहे. त्या आईने कुठले पुस्तक न वाचता तो ओळखला होता आणि तिच्याजवळ होता तो उपाय केला होता. आम्ही तिला 'दोरी सोड' असे सांगितले नाही.

सांगितले एवढेच की पंधरा दिवस बघा. आईला लिहिता येत नव्हते. पाचवीतल्या बहिणीने कुडाच्या भिंतीवर कोळशाने खुणा केल्या. सूर्य कुठे होता, आधी काय चालले होते, तो कुठे धावला, परत आणल्यावर काय झाले. पंधरा दिवसांनी भिंत वाचली तर दोन गोष्टी दिसल्या. तो कधीही रस्त्याकडे किंवा रानाकडे धावला नव्हता. प्रत्येक वेळी पाण्याकडेच. आणि धावण्याची वेळ बहुधा दुपारची, आई भांडी घासून उरलेले पाणी ओतून टाके त्यानंतरची. भांडी घासताना तो शेजारी बसून शांतपणे पाण्याची धार बघे. पाणी संपले की तो पाणी शोधायला निघे. यात हट्ट नव्हता, 'लागलेले' काही नव्हते. पाण्याची धार बघणे हे त्याचे सुख होते आणि ते मागायला त्याच्याजवळ शब्द नव्हता.

मग काम ठरले. रोज सकाळी आणि दुपारी, ठरलेल्या वेळी, अंगणातल्या झाडाखाली एक घमेले पाणी आणि एक टमरेल. पाणी हवे असेल तर रिकामे टमरेल आईच्या हातात द्यायचे, एवढे त्याला शिकवायचे. पहिले काही दिवस बहीण मागून त्याचा हात धरून टमरेल आईच्या हातात देववी, आणि त्याच क्षणी आई पाणी ओते. 'पानी' एवढा एकच शब्द ती म्हणे, फार बोलायचे नाही. नंतर बहिणीने हात धरण्याऐवजी कोपराला नुसता स्पर्श करायचा. मग स्पर्शही नाही, फक्त थांबून वाट बघायची. मदत अशी हळूहळू काढून घेणे हा या पद्धतीतला सगळ्यांत नाजूक भाग आहे. लवकर काढली तर मूल गोंधळते, उशिरा काढली तर ते मदतीचीच वाट बघत बसते. पाचव्या आठवड्यात तो आपण होऊन टमरेल घेऊन आईकडे आला. आई चुलीपाशी होती. तिने भाकरी तव्यावर सोडून पाणी दिले. भाकरी करपली असेल, पण तिने केले ते अगदी बरोबर होते. पहिल्या मागण्याला उशीर करायचा नसतो.

'थांब' हा शब्द त्यानंतर शिकवला. अंगणात बहिणीचा हात धरून चालायचे, 'थांब' म्हटले की थांबायचे, थांबला की लगेच टमरेलभर पाणी. आधी दोन पावले, मग दहा, मग विहिरीच्या वाटेवर. पाड्यातल्या पुरुषांनी विहिरीभोवती बांबूचा कूड घातला. हे मी मुद्दाम सांगते, कारण मुलाला शिकवणे हा उपायाचा अर्धा भाग. जागा सुरक्षित करणे हा उरलेला अर्धा. आठ महिन्यांनी दोरी बहुतेक दिवस मेढीला नुसती लटकत असे. भाताच्या आवणीत, घरातली सगळी माणसे खाचरात असतात तेव्हा, ती अजूनही कधीकधी बांधली जाते. तो मुलगा अजून बोलत नाही. टमरेल, ताट, चादर अशा वस्तू हातात देऊन तो सात-आठ गोष्टी मागतो.

या काळात ते कुटुंब परळला दोनदाच आले. बाकीचे काम आठवड्यातून एकदा जाणाऱ्या कार्यकर्तीने आणि फोनवर झाले. फोनला रेंज यायला टेकडी चढावी लागे, त्यामुळे प्रश्न साठवून ठेवून एकदम विचारले जात.

या पद्धतीचा इतिहास सगळाच अभिमानाचा नाही, हेही देणगीदारांना माहीत असावे. अमेरिकेत इव्हार लोवास यांनी १९८७ साली आठवड्याला चाळीस तासांच्या शिकवणीचे निकाल छापले आणि वर्तन-उपचार जगभर गाजला. पण त्यांच्या सुरुवातीच्या कामात चापट मारणे, विजेचा झटका देणे असे प्रकार होते. स्वतः ऑटिझम असलेली, मोठी झालेली माणसे आज सांगतात की त्यांना लहानपणी डोळ्यांत बघायला, हात न हलवायला, 'नेहमीसारखे' दिसायला सक्ती केली गेली आणि त्याचा त्रास पुढे वर्षानुवर्षे राहिला. त्यांचे ऐकले पाहिजे. आम्ही शिक्षा वापरत नाही, उपाशी ठेवून खाऊचे आमिष दाखवत नाही. आणि मूल आनंदाने हात फडफडवत असेल, त्याने कुणाला इजा होत नसेल, तर ते थांबवणे हे आमचे काम नाही. शिकवायचे ते मागणे, नकार देणे, थांबणे, शी-शू सांगणे, कपडे घालणे. या गोष्टी आल्या की मुलाचे आयुष्य त्याच्या स्वतःसाठी सोपे होते.

साध्या कार्यकर्तीच्या हातून हे होईल का, अशी शंका काही डॉक्टरांनाही असते. याला आपल्या जवळचेच उत्तर आहे. गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या सहकाऱ्यांनी मिळून एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ साली 'लॅन्सेट सायकियाट्री'त आले. ६५ मुले होती. काम करणाऱ्या व्यक्ती तज्ज्ञ नव्हत्या; प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. सहा महिन्यांत बारा भेटी. त्या मुलाला शिकवत नव्हत्या, आई-बाप मुलाशी कसे खेळतात याचे चित्रण करून तेच त्यांना दाखवत होत्या आणि मुलाच्या मागे जाऊन प्रतिसाद कसा द्यायचा ते सांगत होत्या. आई-बापांचे बोलणे मुलाच्या लक्षाशी अधिक जुळू लागले आणि मुले आपण होऊन अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. सगळ्याच बाबतीत सुधारणा झाली असे नाही. एकत्र एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याच्या मोजमापात उलटा निकाल आला. तरीही एवढे सिद्ध झाले की पदवी नसलेली, पण नीट शिकवलेली आणि देखरेखीखालची कार्यकर्ती हे काम करू शकते. जागतिक आरोग्य संघटनेचा पालक-प्रशिक्षण कार्यक्रमही याच विचारावर उभा आहे: नऊ गटसत्रे आणि तीन घरभेटी.

आता बोलीविषयी. पाड्यावर 'पानी' म्हणतात. पुस्तकात 'पाणी', आणि मुंबईच्या थेरपीत बऱ्याचदा हिंदी किंवा इंग्रजी. साधे मूल तिन्ही सामावून घेते. ऑटिझम असलेले मूल शब्द जसाच्या तसा धरते. घरी एक, इथे दुसरा असे झाले की त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या वस्तू होतात. काही ठिकाणी पालकांना 'घरी एकच भाषा बोला, शक्यतो शाळेची' असा सल्ला मिळतो. वारली आईने शुद्ध मराठी बोलायचा प्रयत्न केला की ती मुलाशी बोलायचेच कमी करते. आम्ही सांगतो, तुमच्या बोलीत बोला, थोडके बोला, तोच शब्द तसाच पुन्हा वापरा.

दिवसाचा क्रम हा दुसरा आधार. पुढे काय होणार हे कळले नाही की ही मुले घाबरतात, आणि घाबरले की किंचाळतात, चावतात, डोके आपटतात. शहरातल्या केंद्रांत यासाठी चित्रांचे तक्ते असतात. चित्र म्हणजे वस्तूचे चिन्ह, हे ज्या मुलाला अजून कळत नाही त्याला तक्त्याचा उपयोग नाही. त्याच्यासाठी खऱ्या वस्तू बऱ्या. दोरीवर क्रमाने अडकवायचे: दातण, तांब्या, थाळी, दप्तर. एक काम झाले की ती वस्तू काढून टोपलीत. खर्च शून्य. 'आधी हे, मग ते' एवढे दोन वस्तूंनीही सांगता येते. आधी आंघोळ म्हणून तांब्या, मग भाकरी म्हणून थाळी. जेवणाचा प्रश्न यापेक्षा अवघड. काही मुले फक्त कोरडा भात खातात, काही फक्त नागलीची भाकरी. जिथे आधीच पोट भरण्याची पंचाईत तिथे हे कुपोषणाकडे जाते, म्हणून अशा मुलाचे वजन अंगणवाडीत दर महिन्याला झालेच पाहिजे. नवे अन्न जबरीने भरवायचे नाही. आधी ताटात नुसते ठेवायचे, मग हात लावू द्यायचा, मग वास. याला महिने लागतात.

आणि मग दिवाळी येते. दिवाळीनंतर अनेक कातकरी व वारली कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. घर बदलते, आवाज बदलतो, धूळ आणि ट्रक, क्रम सगळा मोडतो. आठ महिन्यांची कमाई आठ दिवसांत जाताना मी पाहिली आहे. स्थलांतर आपण थांबवू शकत नाही. त्यामुळे आता निघण्यापूर्वी एक थैली भरून देतो. तेच टमरेल, तीच चादर, तीच वस्तूंची दोरी. भट्टीवरच्या झोपडीत ती पहिल्या दिवशी टांगायची, सामान लावण्याच्याही आधी. यातून सगळे सावरते असे नाही; पण मुलाला जुने काहीतरी लगेच सापडते.

शाळेचा विषय येतो तेव्हा बाप विचारतो, 'याला कोण घेणार?' १९४४ साली जय आणि होरमसजी वकील या पारशी दांपत्याने आपल्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी शिकवणी सुरू केली; तीच आजची शिवडीची जय वकील शाळा, भोईवाड्यापासून फार लांब नाही. एन. एम. जोशी मार्गावर 'उम्मीद' हे बालविकास केंद्र आहे; डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी ते २००१ साली सुरू केले. अशा संस्थांकडून आम्ही पुष्कळ शिकतो. पण पाड्यावरच्या मुलाला शिवडीच्या शाळेत रोज कोण आणणार? त्याची शाळा म्हणजे अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा.

कायदा त्याच्या बाजूने आहे. १९९५च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नावच नव्हते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ज्या २१ प्रकारांना मान्यता दिली त्यांत त्याचा समावेश झाला. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मुख्याध्यापक 'नको' म्हणू शकत नाहीत. म्हणतात, हे खरे; म्हणून प्रवेशाच्या दिवशी आमची कार्यकर्ती सोबत जाते. तालुक्याला समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक असतात, त्यांच्या भेटीचा दिवस ठरवून घ्यावा. वर्गात मागणी माफक ठेवतो: दाराजवळची एकच ठरलेली जागा, घंटा वाजण्याआधी सूचना, परिपाठाच्या गोंगाटात बाहेर बसण्याची मुभा, आणि पहिले काही आठवडे दोनच तास शाळा. गुरुजींना यातले बहुतेक पटते. आश्रमशाळेच्या वसतिगृहाबद्दल मात्र मी सावध आहे. शंभर मुलांचा एक हॉल, आई नाही, रात्री पाळत नाही. बोलून मागता न येणाऱ्या लहान मुलाला तिथे ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे, जेवणाची सोय होते हे मान्य करूनही.

कागदांचे थोडक्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरलाच झाली. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. मुलाचे नाव त्या दिवशी पथकाला सांगा. पुढे दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड. त्यासाठी भारतीय मोजपट्टी वापरतात: चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. त्यात डोळ्यांत बघणे, परक्याला प्रतिसाद देणे असे मुद्दे येतात. पाड्यावरचे धडधाकट मूलही साहेबाच्या डोळ्यांत बघत नाही, खाली मान घालून उभे राहते. म्हणून घरातले, अंगणवाडीतले वागणे डॉक्टरांना सांगणारे माणूस बरोबर हवे. आईने सांगितलेले बोलीतून नीट भाषांतरित झाले की निदानच बदललेले मी पाहिले आहे. कार्ड मिळाल्यावर राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत नाव घालता येते; तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत उपचाराचा खर्च मिळतो, थेरपीचाही काही भाग त्यात बसतो. गरिबी रेषेचा दाखला आधी काढून ठेवा.

शेवटी उपासनेविषयी, कारण बऱ्याच पाळकांनी विचारले आहे. पाड्यावरच्या प्रार्थनागृहात ढोलकी, टाळ आणि लाउडस्पीकर असतो. ऑटिझम असलेल्या मुलासाठी ते कानात खिळे ठोकल्यासारखे होऊ शकते. ते कान दाबून ओरडते, लोक मागे वळून बघतात, आई त्याला घेऊन बाहेर जाते आणि पुढच्या रविवारपासून येत नाही. एका मंडळीत त्यांनी स्पीकरचे तोंड उलट दिशेला फिरवले, दाराशी एक चटई त्या कुटुंबासाठी ठेवली, आणि पहिली दोन भजने वाद्यांशिवाय म्हणायला सुरुवात केली. मूल तिसऱ्या भजनाला बाहेर जाते, मोरीपाशी नळाखाली हात धरून उभे राहते. त्याच्यासोबत आळीपाळीने कुणीतरी उभे असते, तेवढा वेळ त्याची आई आत बसते. गेल्या महिन्यात ही पाळी संडे स्कूलच्या मोठ्या मुलींनी आपल्याकडे मागून घेतली.